शब्दकोड्याचा मदतनीस: पायथनमध्ये याद्या गाळण्याच्या प्रकल्प नोंदी

२ जून २०२५

प्रकल्पाचा आवाका आज ठरला. मराठी शब्दांची एक साधी मजकूर फाइल असेल, दर ओळीत एक शब्द असेल, आणि शब्दकोड्यातील माहीत असलेली व रिकामी घरे सांगितली की त्यात बसणारे सगळे शब्द प्रोग्रॅमने काढून द्यायचे. पायथन नव्याने शिकणाऱ्यांना रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरात ठरावीक घडणीचा भाग शोधणारा पॅटर्न) आणि यादी गाळणे या दोन्ही गोष्टी एकत्र हाताळायला मिळाव्यात, म्हणून हा विषय निवडला आहे. इंग्रजी शिकवण्यांत हाच सराव ओळीदोनओळींत उरकतो. देवनागरीत तो तितका सरळ जात नाही, आणि शिकण्यासारखे जे आहे ते नेमके तेथेच आहे असे माझे मत आहे.

आजचे काम फक्त फाइल वाचण्याचे होते. ओपन या फंक्शनला एन्कोडिंग (अक्षरे फाइलमध्ये साठवण्याची पद्धत) स्पष्ट न सांगितल्यास विंडोजवरील पायथन ३.१२ संगणकाच्या स्थानिक एन्कोडिंगने फाइल वाचू पाहते आणि देवनागरीचा चुथडा होतो. म्हणून यूटीएफ-८ हे नाव प्रत्येक ठिकाणी लिहायचे असा नियम केला. ओळी वाचताना प्रत्येक शब्दाच्या शेवटी नवी ओळ दाखवणारे अदृश्य चिन्ह चिकटून येते, ते स्ट्रिप या पद्धतीने निघून जाते. मात्र मजकूर संपादनाचे काही प्रोग्रॅम फाइलच्या अगदी आरंभी बाइट ऑर्डर मार्क नावाचे आणखी एक अदृश्य चिन्ह ठेवतात आणि स्ट्रिप त्याला हात लावत नाही, कारण पायथनच्या लेखी ती मोकळी जागा नव्हे. त्याचा परिणाम असा की यादीतला पहिलाच शब्द आरंभ पाहणाऱ्या कोणत्याही कसोटीला उतरत नाही आणि बाकीचे सगळे सुरळीत चालते. एन्कोडिंगचे नाव यूटीएफ-८-सिग असे दिले की हे चिन्ह वाचतानाच गळते.

४ जून २०२५

रेग्युलर एक्स्प्रेशनकडे वळण्याआधी त्याच्यावाचून किती चालते ते पाहिले. शब्द ‘ळ’ने संपतो का, हे विचारायला एंड्सविथ पुरते, ‘क’ने सुरू होतो का, याला स्टार्ट्सविथ, मध्ये कोठेही अमुक अक्षरे आहेत का, याला केवळ इन हा शब्द. नवशिक्यांना एकदा रेजेक्स, म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन, सापडले की या तिन्ही साध्या पद्धती ते विसरतात, म्हणून सरावाचा पहिला टप्पा मुद्दाम त्यांच्यावरच ठेवला.

गाळण्याच्या रीतीबाबत एक गोष्ट सविस्तर नोंदवणे आवश्यक आहे. यादीवर फॉर लूप चालू असताना त्याच यादीतून रिमूव्हने घटक काढणे हा सर्वांना सर्वांत आधी सुचणारा मार्ग असतो. समजा यादी ‘काळ, केळ, कमळ, कपाळ’ अशी आहे आणि पहिले दोन शब्द वगळायचे आहेत. लूप शून्याव्या स्थानावर ‘काळ’ पाहतो आणि तो काढून टाकतो; त्याबरोबर उरलेली यादी एकेक जागा पुढे सरकते आणि ‘केळ’ शून्याव्या स्थानावर येतो. लूप मात्र आता पहिल्या स्थानाकडे गेलेला असतो, तेथे त्याला ‘कमळ’ भेटतो, आणि ‘केळ’ तपासला न जाताच यादीत राहतो. एरर येत नाही, आणि वगळायचे शब्द एकमेकांना लागून नसतील तर उत्तरही बरोबर येते. त्यामुळे हा दोष छोट्या चाचणीत दिसत नाही आणि मोठ्या यादीत हमखास असतो.

त्यापेक्षा नवी यादी बांधणे केव्हाही चांगले. चौकटी कंसात ‘श फॉर श इन शब्द इफ’ आणि त्यापुढे अट, एवढ्यात लिस्ट कॉम्प्रिहेन्शन पूर्ण होते. ही सोय ऑक्टोबर २००० मधील पायथन २.० पासून आहे. फिल्टर हे फंक्शनही तेच काम करते. पण २००८ मधील पायथन ३.० पासून ते यादी परत देत नाही, मागू तेव्हा एकेक घटक देणारा इटरेटर देते. त्यावरून एकदा फिरून झाले की दुसऱ्या वेळी हाती काहीच लागत नाही. आधी लेनने मोजण्यासाठी त्याची यादी केली आणि मग छापण्यासाठी त्याच इटरेटरवर लूप चालवला, तर छापणारा लूप गुपचूप रिकामा जातो. या प्रकल्पात फिल्टर वापरायचा नाही असे मी ठरवले आहे. त्यात चूक काही नाही, पण नवशिक्याने एका वेळी एकच रीत नीट वापरावी.

६ जून २०२५

पहिले कोडे असे घेतले: तीन घरे, पहिल्यात ‘क’, मधले रिकामे, शेवटच्यात ‘ळ’. हाताने काढलेली अपेक्षित उत्तरे ‘कमळ’, ‘कपाळ’ आणि ‘कल्लोळ’ ही होती. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये टिंब म्हणजे ‘कोणतेही एक चिन्ह’, तेव्हा पॅटर्न असा झाला:

क.ळ

त्याआधी कोणते फंक्शन वापरायचे हे ठरवावे लागले. रेग्युलर एक्स्प्रेशनसाठी पायथनबरोबरच येणाऱ्या आरई मॉड्यूलमधील सर्च हा पॅटर्न शब्दात कोठेही शोधतो, मॅच फक्त आरंभाशी जुळवतो आणि शेवटाची पर्वा करत नाही, तर २०१४ मधील पायथन ३.४ पासून उपलब्ध असलेला फुलमॅच सबंध शब्द जुळला तरच होकार देतो. मॅच या नावामुळे पूर्ण जुळणीचा समज होतो, आणि ‘कमळाबाई’सारखा शब्दही त्यातून सुटून आला की मगच उलगडा होतो. कोड्याला फुलमॅचच हवा. तिन्ही फंक्शने जुळणी झाल्यास मॅच ऑब्जेक्ट आणि न झाल्यास नन, म्हणजे ‘काहीच नाही’, देतात. इफच्या अटीत पहिला खरा आणि दुसरा खोटा धरला जात असल्याने वेगळी तुलना करावी लागत नाही.

फुलमॅच लावून जी यादी आली ती ‘काळ, केळ, कुळ, कमळ’ अशी होती. ‘कपाळ’ आणि ‘कल्लोळ’ गायब होते आणि दोन घरांचे शब्द तीन घरांत येऊन बसले होते. कारण स्पष्ट आहे. पायथनची स्ट्रिंग ही युनिकोडच्या कोड पॉइंटांची, म्हणजे प्रत्येक चिन्हाला दिलेल्या क्रमांकांची, रांग असते, आणि त्या रांगेत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि पाय मोडणारे हलन्त चिन्ह यांना प्रत्येकी स्वतंत्र स्थान असते. ‘काळ’ म्हणजे क, काना आणि ळ असे तीन कोड पॉइंट. टिंबाने काना गिळला. ‘कल्लोळ’मध्ये सहा कोड पॉइंट आहेत, म्हणून तो बाहेर राहिला. लेनने ‘स्वातंत्र्य’ मोजून पाहिल्यास ११ उत्तर येते, आणि कोड्यात त्या शब्दाला तीनच घरे लागतात.

९ जून २०२५

यादी वाढवण्यासाठी स्वामित्वहक्क संपलेला गद्य मजकूर घेऊन त्यातून शब्द वेगळे करायचे ठरले. प्रत्येक पाठ्यपुस्तकात यासाठी बॅकस्लॅश-डब्ल्यू आणि त्यापुढे अधिक चिन्ह, म्हणजे ‘एक किंवा अधिक शब्दचिन्हे’, हा पॅटर्न सांगितलेला असतो. ‘मराठी’ या एकाच शब्दावर सगळ्या जुळण्यांची यादी देणाऱ्या फाइंडऑल या फंक्शनने तो चालवला तेव्हा उत्तर ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकड्यांचे आले.

आरई मॉड्यूलमध्ये बॅकस्लॅश-डब्ल्यू म्हणजे युनिकोडनुसार अक्षर किंवा अंक असलेले चिन्ह, अथवा अधोरेखा. क, म, ठ ही चिन्हे युनिकोडच्या वर्गवारीत अक्षरे आहेत. काना, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त यांची गणना मात्र जोडचिन्हांत होते, आणि जोडचिन्हे या व्याख्येत येत नाहीत. यातली गंमत अशी की पायथन ३ मध्ये व्हेरिएबलला ‘मराठी’ असे नाव देता येते, कारण नावांच्या नियमांत जोडचिन्हांना मुभा आहे. म्हणजे जो शब्द भाषेच्या व्याकरणाला एकसंध नाव म्हणून चालतो, त्याचेच तिचे प्रमाणित मॉड्यूल दोन तुकडे करते.

शब्दसीमा दाखवणाऱ्या बॅकस्लॅश-बी या खुणेचे वर्तन यापुढचे आहे, आणि ते मी शब्द घेऊन चिन्हाचिन्हाने तपासले. ही खूण शब्दचिन्ह आणि बिगर-शब्दचिन्ह यांच्या सांध्यावर जुळते. ‘नदी’च्या दोन्ही बाजूंना ही खूण लावून सर्च केला. ‘नदी वाहते’ या वाक्यात ‘नदी’च्या शेवटी वेलांटी आहे, ती बिगर-शब्दचिन्ह, तिच्यापुढे मोकळी जागा, तीही बिगर-शब्दचिन्ह. सांधाच नाही, म्हणून जुळणीही नाही. ‘नदीकाठ’ या शब्दात मात्र वेलांटीपुढे ‘क’ येतो, तेथे सांधा तयार होतो आणि पॅटर्न जुळतो. म्हणजे जो सुटा शब्द हवा होता तो निसटला आणि जो जोडशब्द टाळायचा होता तोच हाती आला. याउलट ‘घर’ शोधल्यास ‘घरटे’ योग्य रीतीने वगळला जातो, पण ‘घरी’ आणि ‘घराला’ जुळतात, कारण ‘र’नंतर जोडचिन्ह आहे. विभक्तीची रूपे हवी असणाऱ्याला हे सोयीचे वाटेल. परंतु ही सोय अपघाताने आलेली आहे आणि स्वरान्त शब्दांवर ती उलटते, म्हणून तिच्यावर काहीही उभारू नये.

बॅकस्लॅश-बी हाताळताना आर अक्षर लावून केलेली रॉ स्ट्रिंग वापरणे अनिवार्य आहे, हेही येथेच लिहून ठेवतो. साध्या स्ट्रिंगमध्ये त्या दोन चिन्हांचा अर्थ बॅकस्पेस असा होतो. पायथन ३.१२ अनोळखी बॅकस्लॅश-जोडीबद्दल सूचना देते. ही जोडी तिला ओळखीची असल्याने येथे सूचनाही मिळत नाही.

शब्द वेगळे करण्यासाठी अखेर देवनागरीचा पट्टाच वापरला. युनिकोडमध्ये देवनागरीला १२८ स्थाने आहेत आणि ती सलग आहेत, म्हणून चौकटी कंसात पहिले व शेवटचे चिन्ह देऊन सबंध पट्टा मागता येतो. त्या पट्ट्यात ‘।’ आणि ‘॥’ हे दंड, ० ते ९ अंक आणि संक्षेपाचे चिन्हही येतात. ती सगळी मधोमध एकत्र असल्याने पट्टा दोन तुकड्यांत लिहून त्यांना वगळले.

[ऀ-ॣॱ-ॿ]+

अंकांच्या बाबतीत पायथन उदार आहे. बॅकस्लॅश-डी देवनागरी अंकांनाही अंक मानते आणि इंट या फंक्शनला ‘१२३’ दिल्यास तेही निमूटपणे संख्या देते. आमच्या कामाला त्याचा उपयोग नाही.

१२ जून २०२५

आज कोड्याचे एक घर, म्हणजे एक पूर्ण अक्षर, ओळखणारा पॅटर्न लिहिला. अक्षराची घडण शब्दांत मांडली तर अशी: हलन्त जोडलेली कितीही व्यंजने, असली तर, त्यानंतर एक पूर्ण व्यंजन, त्यावर हवी असल्यास एक स्वरखूण, आणि शेवटी हवा असल्यास अनुस्वार, चंद्रबिंदू किंवा विसर्ग. किंवा मग एक स्वतंत्र स्वर आणि त्यावर अनुस्वारादी चिन्ह. पॅटर्नमध्ये हेच वर्णन या क्रमाने उतरते:

(?:[क-ह]्)*[क-ह][ा-ौ]?[ँंः]?|[अ-औॲ][ँंः]?

यातील तारा, म्हणजे ‘शून्य किंवा अधिक वेळा’, ही खूण गणितज्ञ स्टीफन क्लीनी यांच्या नावाने ओळखली जाते. रेग्युलर एक्स्प्रेशनची कल्पना त्यांच्या १९५० च्या दशकातील मांडणीतून आली. ‘क-ह’ या पट्ट्यात ‘ळ’ आणि ‘ऱ’ येतात, ‘ा-ौ’ या पट्ट्यात इंग्रजी शब्दांसाठीचे ‘ॅ’ आणि ‘ॉ’ येतात. ‘ॲ’ मात्र युनिकोडमध्ये मागाहून आल्याने पट्ट्याबाहेर दूर बसला आहे, त्यामुळे त्याला हाताने सामील करावे लागले.

आरंभीच्या कंसातील प्रश्नचिन्ह आणि अपूर्णविराम का आहेत, हा प्रश्न पॅटर्न वाचणाऱ्या सहकाऱ्यांनी लगेच विचारला. ते काढून ‘स्वातंत्र्य’वर फाइंडऑल चालवून दाखवले. उत्तर ‘स्’, रिकामी स्ट्रिंग आणि ‘र्’ असे आले. पॅटर्नमध्ये साधा कंस असला की फाइंडऑल सबंध जुळणी देत नाही, केवळ त्या कंसात सापडलेला भाग देते, आणि कंस पुन्हा पुन्हा भरला गेला असेल तर शेवटचा भाग देते. ‘त्र्य’मध्ये आधी ‘त्’ आणि मग ‘र्’ कंसात आले, म्हणून ‘र्’ उरला. ‘?:’ घातल्यावर कंस केवळ गट बांधण्यापुरता राहतो आणि ‘स्वा’, ‘तं’, ‘त्र्य’ अशी हवी ती यादी मिळते.

हा पॅटर्न एका ओळीत वाचणे कोणालाही जड जाईल. म्हणून व्यंजन, स्वर, स्वरखूण आणि शेवटचे चिन्ह यांच्यासाठी वेगवेगळी व्हेरिएबले करून ती जोडली. एफ-स्ट्रिंगने जोडताना महिरपी कंसांची पंचाईत होते, कारण रेजेक्समध्ये आवृत्तीची संख्या त्यांच्यात लिहितात आणि एफ-स्ट्रिंगमध्ये व्हेरिएबलचे नाव. साध्या अधिक चिन्हाने जोडणे अधिक बरे.

१६ जून २०२५

प्रत्येक गाळणीला दोन याद्या परत द्यायला लावल्या: अटीत बसलेले शब्द आणि न बसलेले शब्द. दुसऱ्या यादीचे नाव ‘गाळ’ ठेवले. कारण असे की अटीत बसलेल्या शब्दांकडे पाहून गाळणी बरोबर आहे असेच वाटते. जे शब्द यायला हवे होते आणि आले नाहीत, ते त्या यादीत दिसण्याचा संभवच नसतो. लिस्ट कॉम्प्रिहेन्शनची ही खरी उणीव आहे: नाकारलेले घटक कोठेही उरत नाहीत. अट उलटी करून दुसरे कॉम्प्रिहेन्शन लिहावे लागते, किंवा सरळ लूप लिहून दोन याद्यांत अपेंड करावे लागते. मी दुसरा मार्ग घेतला. तो दोन ओळींनी लांब आहे, पण अट एकदाच लिहिली जाते.

अक्षराचा पॅटर्न एक किंवा अधिक वेळा, अशी अट फुलमॅचने लावून सबंध यादी गाळली. गाळात तीन प्रकारचे शब्द जमा झाले. पहिला प्रकार अपेक्षित होता: ‘ॐ’ आणि अवग्रह असलेले शब्द. त्यांना तूर्त बाहेरच ठेवले. दुसऱ्या प्रकारात ‘अॅ’ने सुरू होणारे शब्द होते. ‘ॲ’ हे एकच चिन्ह टंकण्याऐवजी ‘अ’ टंकून त्यावर चंद्र चढवण्याची पद्धत बरीच रूढ आहे. डोळ्यांना दोन्ही सारखेच, स्ट्रिंग म्हणून वेगळे. यावर रिप्लेसची एक ओळ पुरली.

तिसरा प्रकार हलन्ताने संपणाऱ्या शब्दांचा होता, आणि त्यात वेळ गेला. ‘अर्थात्’, ‘श्रीमान्’ असे जुन्या लेखनातले शब्द तेथे असणार हे उघड होते. परंतु त्यांच्या शेजारी ‘दुसर्’, ‘वार्’, ‘पायर्’ असे शब्द होते, जे कोणत्याही लेखनपद्धतीत संभवत नाहीत. मूळ मजकुरात त्यांच्या जागी ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘पायऱ्या’ हे शब्द होते. दुसर्‍या एका परिच्छेदातला ‘दुसऱ्या’ हा शब्द मात्र सहीसलामत आला होता. दोन्हींचे कोड पॉइंट एकाखाली एक छापल्यावर फरक दिसला: अखंड राहिलेल्या शब्दात ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह आणि हलन्त होते, तुटलेल्या शब्दात साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे झीरो विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह होते. आडवा रफार दोन्ही रीतींनी उमटतो. अदृश्य चिन्ह देवनागरीच्या पट्ट्याबाहेरचे असल्याने शब्द वेगळे करणाऱ्या पॅटर्नने नेमक्या त्याच ठिकाणी शब्द कापला. ‘दुसर्’ गाळात गेला म्हणून कळले. त्याचा दुसरा अर्धा भाग ‘या’ हा अस्सल मराठी शब्द असल्याने मुख्य यादीत बेमालूम जाऊन बसला होता, आणि ‘वाऱ्यावर’चा ‘यावर’ही तसाच.

युनिकोडडेटा मॉड्यूलच्या नॉर्मलाइझ फंक्शनने हे दोन्ही प्रकार एक होत नाहीत. नुक्ता जोडून लिहिलेला ‘ऱ’ एनएफसी या युनिकोडच्या प्रमाणित रूपात एका चिन्हात येतो, जॉइनरवाला तसाच राहतो. म्हणून शब्द वेगळे करण्याआधी सबंध मजकुरावर एनएफसी, त्यानंतर ‘र, हलन्त, जॉइनर’ या तिन्हींच्या जागी ‘ऱ, हलन्त’ अशी अदलाबदल, आणि मग उरलेसुरले जॉइनर काढून टाकणे, असा क्रम ठरवला. क्रम उलटा केला, जॉइनर आधी काढले, तर ‘दुसऱ्या’चा ‘दुसर्या’ होतो आणि पुढे काही दुरुस्त करता येत नाही.

१८ जून २०२५

उरलेले ‘अर्थात्’सारखे शब्द सामावून घेण्यासाठी पॅटर्नच्या शेवटी ऐच्छिक हलन्त जोडावा, अशी सूचना आली. ती साधी दिसते, पण तिने गाळणी ढिली होते. ऐच्छिक हलन्त मान्य केला की ‘स्वर’ या शब्दाचे ‘स्व’ व ‘र’ असे दोन घरांत विभाजन जसे होते, तसेच ‘स्’, ‘व’, ‘र’ असे तीन घरांतही होऊ शकते. फाइंडऑल डावीकडून अधिकाधिक घेत जात असल्याने त्याला हा फरक दिसत नाही. फुलमॅचला तीन घरे भरायची असली की तो मागे येऊन दुसरी विभागणी शोधून काढतो आणि ‘स्वर’ तीन घरांच्या कोड्यात दाखल होतो. हलन्तापुढे व्यंजन नसेल तरच तो घ्यावा, अशी नकारात्मक पुढची अट लावल्यावर दोन्ही गोष्टी साधल्या:

(?:्(?![क-ह]))?

ही जोड पॅटर्नच्या व्यंजनाच्या शाखेलाच दिली आहे. स्वराच्या शाखेला तिची गरज नाही.

२३ जून २०२५

वापरणाऱ्याकडून कोडे कसे घ्यायचे, यावर काम केले. रिकाम्या घरासाठी प्रश्नचिन्ह ही सर्वांना सुचणारी खूण आहे. पण प्रश्नचिन्हाला रेजेक्समध्ये स्वतःचा अर्थ आहे. ‘क?ळ’ हे जसेच्या तसे पॅटर्न म्हणून दिल्यास त्याचा अर्थ ‘क असला तर असो, त्यापुढे ळ’ असा होतो, आणि सर्च लावल्यास यादीतला ‘ळ’ असलेला प्रत्येक शब्द मिळतो. बाहेरून आलेला मजकूर पॅटर्नमध्ये घालण्याआधी खास अर्थाच्या चिन्हांना साधी चिन्हे करणाऱ्या एस्केप या फंक्शनमधून काढलाच पाहिजे. आम्ही घरे मोकळ्या जागेने वेगळी करून घेतो आणि रिकाम्या घरासाठी अधोरेखा घेतो: ‘क _ ळ’. स्प्लिटने घरांची यादी मिळते, अधोरेखेच्या जागी अक्षराचा पॅटर्न येतो, माहीत असलेले अक्षर एस्केप होऊन जाते आणि सगळे जोइनने एकत्र होते.

जोडताना अक्षराच्या पॅटर्नभोवती ‘?:’वाला कंस असणे आवश्यक आहे. त्यातील उभी रेघ पर्याय दाखवते, आणि कंस नसेल तर ती आपल्या डावी-उजवीकडचा सगळा पॅटर्न दुभागते.

‘क’ या घरात ‘का’ किंवा ‘क्ष’ येऊ नये, यासाठी वेगळी अट लागली नाही. पुढच्या घराची सुरुवात व्यंजनाने किंवा स्वतंत्र स्वरानेच होऊ शकते, काना किंवा हलन्त तेथे बसत नाही, त्यामुळे अशी जुळणी आपोआप फसते. पहिल्या कोड्याचे उत्तर आता ‘कमळ, कपाळ, कल्लोळ’ असे आले.

२४ जून २०२५

वेगाबद्दल एक छोटी नोंद. पायथनचे आरई मॉड्यूल जुळणी फसली की मागे येऊन दुसरी शक्यता तपासते. (क+)+ख असा आवृत्तीत आवृत्ती असलेला पॅटर्न नुसत्या ‘क’च्या लांब रांगेवर चालवल्यास प्रत्येक वाढीव ‘क’मागे वेळ साधारण दुप्पट होतो. हा सर्व रेजेक्सचा स्वभाव नव्हे. केन थॉम्पसन यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत असे मागे येणे नसते. आमच्या पॅटर्नमध्ये प्रत्येक अक्षराची सुरुवात कोठे होऊ शकते हे ठाम असल्याने हा धोका उद्भवत नाही.

३० जून २०२५

एकमेकांना छेदणाऱ्या आडव्या-उभ्या शब्दांची मागणी आली, आणि तिने रचना बदलली. आडव्या शब्दाचे तिसरे अक्षर आणि उभ्याचे पहिले अक्षर एकच असले पाहिजे, ही अट पॅटर्नमध्ये घालता येते, पण लिहिणाऱ्यालाही ती पुन्हा वाचवत नाही. त्याऐवजी फाइल वाचतानाच प्रत्येक शब्दाची फाइंडऑलने अक्षरांची यादी करून ठेवली आणि अक्षरसंख्येनुसार शब्द पायथनच्या एका डिक्शनरीत (किल्ली सांगून मूल्य मिळवण्याच्या रचनेत) विभागले. आता कोडे म्हणजे एक यादी, शब्द म्हणजेही एक यादी. झिपने दोन्ही शेजारी ठेवायच्या, आणि ऑल या फंक्शनने प्रत्येक घर अधोरेखा आहे किंवा अक्षराशी तंतोतंत जुळते एवढे पाहायचे. छेदाची अट तर दोन याद्यांतील दोन स्थानांची साधी तुलना झाली.

यामुळे २३ जूनची कोड्याचा पॅटर्न बांधणारी रचना पूर्ण काढून टाकली आणि तिच्याबरोबर एस्केपची गरजही गेली. रिकाम्या घरासाठी प्रश्नचिन्ह घ्यायलाही आता हरकत नाही. प्रोग्रॅममध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन दोनच उरली आहेत: मजकुरातून शब्द कापणारे आणि शब्दातून अक्षरे कापणारे. निवड करण्याचे सगळे काम याद्यांवर होते. सराव म्हणून मात्र पॅटर्नची जुनी रचनाही वेगळ्या फाइलमध्ये ठेवली आहे, कारण दोन्हींची उत्तरे ताडून पाहणे हीच सर्वांत सोयीची चाचणी ठरते.

२ जुलै २०२५

दोन्ही रचना सबंध यादीवर चालवून उत्तरांचा फरक सेट वजा सेट अशा रीतीने काढला. आधी फरक पडला तो ‘गाळा’तल्या शब्दांमुळे: फाइंडऑल अनोळखी चिन्ह ओलांडून पुढे जाते, त्यामुळे अवग्रह असलेला शब्द नव्या रचनेत एक चिन्ह गमावून दाखल होतो, तर फुलमॅच त्याला नाकारतो. अक्षरांची यादी पुन्हा जोडून मूळ शब्दाशी तुलना करण्याची एक अट घातली. जुळले नाही तर शब्द गाळात. त्यानंतरचा फरक रिकामा सेट आला.

पुढील कामे अशी आहेत: ‘अर्थात्’ आणि ‘अर्थात’ हे दोन्ही यादीत ठेवावेत की एकच, हे ठरवायचे आहे. बाहेरचे रेजेक्स नावाचे मॉड्यूल बॅकस्लॅश-एक्स या खुणेने अक्षरसमूह ओळखते; युनिकोडच्या २०२३ मधील १५.१ या आवृत्तीपासून ‘स्व’सारखी जोडाक्षरे एकाच समूहात धरण्याचा नियम आला आहे, तेव्हा त्या मॉड्यूलची उत्तरे आमच्या पॅटर्नशी ताडून पाहायची आहेत. आणि गाळाची फाइल दर वेळी नव्याने लिहिली जाते. ती तारखेनुसार राखून ठेवण्याची सोय करायची आहे, म्हणजे पॅटर्न बदलल्यावर कोणता शब्द कोणत्या बाजूला गेला ते दोन फाइलींची तुलना करून कळेल.